फटाक्यांवर बंधन हवे, पण घड्याळाचे नव्हे, मालाचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार इमारतींची सोसायटी, आणि दर दिवाळीत फटाक्यांवरून दोन तट. एक तट म्हणतो, पूर्ण बंदीचा ठराव करून टाका. दुसरा म्हणतो, वर्षातले चार दिवस, सण आहे, जरा सोसा. कोर्टाने दिलेली आठ ते दहाची वेळ कुणीच पाळत नाही. मग फटाक्यांच्या खासगी वापरावर निर्बंध असावेत का, आणि असले तर ते चालतात का?

माझी नोकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महापालिकेच्या अग्निशमन दलात झाली. फायरमन म्हणून लागलो, केंद्र अधिकारी म्हणून निवृत्त झालो. हे सगळे मी बंबाच्या केबिनमधून पाहिले आहे, डॉक्टरांच्या किंवा पर्यावरणवाल्यांच्या खुर्चीतून नाही. उत्तरही त्याच बाजूने येणार, हे आधीच सांगून ठेवतो.

निर्बंध हवेत. पण आज जे आहेत ते भलत्या जागी आहेत. फटाका किती वाजता उडवायचा यावर आपण नियम करत बसलो, आणि कुठला फटाका कुणाच्या हातात जावा हे जवळपास मोकळे सोडले. माझ्या मते बाण, आकाशात जाऊन फुटणारे शॉट, सुतळी बॉम्ब आणि मोठ्या माळा घरगुती वापरातून काढून टाकाव्यात. ते काम परवाना असलेल्या, शिकलेल्या माणसांनी मोकळ्या मैदानावर करावे. फुलबाजी, भुईचक्र, झाड, टिकल्या लोकांकडे राहू द्याव्यात. माझी कसोटी सोपी आहे. जो फटाका पेटवला त्या जागेवरून पाच पावले हलत नाही, तो पेटवणाऱ्याची खासगी बाब. जो तिथून निघून दुसऱ्याच्या गॅलरीत, डोळ्यात किंवा झोपेत जातो, तो खासगी राहिलेलाच नाही. संपूर्ण बंदीला मात्र माझा विरोध आहे. त्याचे कारण भावना नव्हे, साठा. त्यावर पुढे येतो.

आधी एक गैरसमज काढू. ‘फटाक्यांवर कायदाच नाही’ असे सभांमधून ऐकू येते, ते खरे नाही. कायदा भरपूर आहे. १९९९ पासून नियम आहे की फुटण्याच्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलच्या वर आवाज करणारा फटाका बनवायचा नाही, विकायचा नाही, वापरायचाही नाही. माळेसाठी तर गणितच घालून दिले आहे: माळेत जितके फटाके जास्त, तितकी एकेका फटाक्याची मर्यादा खाली. हजारच्या माळेला ती १५ डेसिबलने उतरते, म्हणजे त्यातला एकेक फटाका ११० च्या आत हवा. जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके बंद केले. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालात, म्हणजे दिल्लीतल्या तीन चिमुरड्यांच्या नावाने त्यांच्या वडिलांनी केलेल्या याचिकेवर, दिवाळीला रात्री ८ ते १० ही वेळ ठरली. जोडलेल्या माळांवर बंदी आली, बेरियमच्या क्षारांवर बंदी आली, ऑनलाइन विक्री बंद झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये मुंबईची हवा बिघडल्यावर उच्च न्यायालयाने आधी ७ ते १० आणि मग चारच दिवसांत ८ ते १० अशी वेळ दिली. शांतता क्षेत्र म्हणजे इस्पितळ, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर, तिथे तर फटाका वाजवायचाच नाही.

आता या यादीतले काय पाळले जाते ते तुम्ही तुमच्या गच्चीवरून स्वतः पाहता. जोडलेल्या माळेवर बंदी येऊन इतकी वर्षे झाली, तरी पाच हजारची माळ दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेली असते आणि निवडणुकीच्या निकालाला ती कुठे लागते हे सांगायला नको.

वेळेचा नियम का चालत नाही, याचे उत्तर पोलिसांच्या आळसात शोधू नका. २०१८ च्या निकालात तर पोलीस ठाण्याचा प्रमुख अधिकारी वैयक्तिकरीत्या जबाबदार धरला जाईल असे लिहिले आहे. पण करणार काय? एका पोलीस ठाण्याच्या हद्दीत हजारो घरे. रात्री साडेअकराला बॉम्ब वाजल्याची तक्रार आली, बीट मार्शल मोटारसायकलवर पोहोचला, तोवर रस्त्यावर कागदाचा चुरा आणि बाजूला गप्पा मारणारी वीस पोरे. कुणी वाजवला? कुणीच नाही. हा गुन्हा स्वतःचा पुरावा स्वतःच जाळून टाकतो. जो पकडला जातो तो बहुधा सगळ्यात साधा माणूस असतो, ज्याला पळून जायचे सुचले नाही.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. आवाजाच्या दृष्टीने दोन तासांची वेळ ठीक आहे, म्हातारी माणसे दहानंतर झोपू शकतात. आगीच्या दृष्टीने मात्र सगळ्या शहराचे फटाके दोन तासांत कोंबले की वर्द्याही, म्हणजे आगीची खबर देणारे फोनही, त्याच दोन तासांत येतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही जादा गाड्या चौकाचौकांत उभ्या करायचो, रजा बंद असायच्या. तरी एक बंब भंगाराच्या गोडाऊनवर अडकलेला, दुसरा गवताच्या आगीवर, आणि तिसरी वर्दी फ्लॅटची, असे व्हायचेच. आणि मराठी घरातला पहिला फटाका तर नरक चतुर्दशीच्या पहाटे, अभ्यंगस्नानानंतर वाजतो. आठ ते दहाच्या चौकटीत ती पहाट बसतच नाही. तमिळनाडूने २०१८ मध्येच कोर्टाकडून सवलत घेऊन सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास अशी विभागणी केली, कारण त्यांचीही दिवाळी पहाटेची. जो नियम रीतीला धरून नाही तो मोडताना कुणालाही टोचणी लागत नाही.

आता बाणाबद्दल, कारण घरांना लागणाऱ्या दिवाळीच्या आगींमध्ये माझा सगळ्यात मोठा राग याच्यावर आहे. बाण म्हणजे पुठ्ठ्याची नळी, खाली चिकणमातीने अरुंद केलेले तोंड, आत दाबून भरलेली दारू आणि बाजूला बांधलेली काडी. ती काडी नुसती धरायला नाही, तिच्यावरच बाणाचा तोल असतो. काडी वाकलेली असली, मध्येच तुटलेली असली किंवा ‘मोठी आहे’ म्हणून कुणी मोडून आखूड केली, की बाण कुठे जाईल हे त्याला स्वतःला माहीत नसते. तो उडवायला आपण काय वापरतो? पाण्याची रिकामी प्लास्टिकची बाटली. वजन काहीच नाही. वात पेटली की माणूस मागे पळतो, पाय लागतो किंवा वारा लागतो, बाटली कलंडते आणि बाण आडवा सुटतो. समोर पार्किंग, पेट्रोलच्या टाक्यांच्या गाड्यांची रांग. सरळ गेला तरी काम संपत नाही. वर जाऊन रंग उधळल्यावर नळी धुमसत खाली येते, आणि कुठे येईल ते वारा ठरवतो.

ती बहुतेक वेळा गॅलरीत येते. आजच्या फ्लॅटची गॅलरी जरा डोळ्यांपुढे आणा. उन्हासाठी हिरवी जाळी, कबुतरांसाठी नायलॉनची जाळी, तारेवर कपडे, कोपऱ्यात जुनी गादी, रद्दीचा गठ्ठा, लहान मुलाची प्लास्टिकची गाडी, बाजूला एसीचे बाहेरचे युनिट. हिरवी जाळी प्लास्टिकची असते. ती पेटली की वितळते आणि जळते थेंब खाली टपकतात. आग वरच चढते असे लोक समजतात. जाळ्यांमुळे ती खालीही उतरते, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर.

अशी एक वर्दी अजून डोळ्यांपुढून जात नाही. लक्ष्मीपूजनाची रात्र, चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट, कुटुंब दिवाळीला गावी गेलेले. गॅलरीत नळी पडली, जाळी पेटली, मग कपडे, मग सरकत्या दाराची काच तडकली आणि आग हॉलमध्ये शिरली. शेजाऱ्यांना कळले ते काच फुटल्याच्या आवाजाने. एरवी धुराचा वास आला की माणसे पाच मिनिटांत जिन्यात येतात. त्या रात्री मात्र साऱ्या गावालाच धुराचा वास असतो, कुणाला खटकत नाही. आम्ही गेटपाशी पोहोचलो तर आतल्या रस्त्यावर पाहुण्यांच्या मोटारी दोन्ही बाजूंनी लावलेल्या. बंब आत जाईना. तांडेलाने, म्हणजे आमच्या तुकडीच्या म्होरक्याने, दोन जवान घेऊन होज (पाण्याचा लवचिक पाइप) खांद्यावर टाकला आणि गेटपासून पायी, जिन्याने चौथ्या मजल्यापर्यंत तो ओढत नेला. इमारतीच्या स्वतःच्या पाइपला पाणी नव्हते, व्हॉल्व्ह गंजून बसलेला. हॉल गेला, मधली खोली अर्धी गेली, लोखंडी कपाटातली कागदपत्रे उष्णतेने करपून भुरभुरीत झाली. माणूस कुणी नव्हते हे नशीब. दुसऱ्या दिवशी घरमालक आला, आणि त्याने जो प्रश्न विचारला तो असे प्रत्येकजण विचारतो: बाण कोणी सोडला? कुणाला माहीत. कदाचित समोरच्या सोसायटीतून, कदाचित मागच्या वस्तीतून. सोडणाऱ्यालाही कळलेले नसणार. त्याने बाण वर जाताना पाहिला, टाळ्या वाजवल्या आणि दुसरा बाटलीत ठेवला.

म्हणून मी बाणाला ‘खासगी वापर’ मानत नाही. पेटवायचा निर्णय एकाचा, घर भलत्याचेच, आणि नुकसानभरपाईसाठी बोट दाखवायला कुणी नाही. निष्काळजीपणे स्फोटक वापरल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या २८८ कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, पण ती लावायला आधी माणूस सापडायला हवा.

सुतळी बॉम्बचे प्रकरण वेगळे. त्याने घरे कमी पेटतात, माणसे जास्त जखमी होतात. पोरे त्यावर डबा ठेवतात, करवंटी ठेवतात, फुटके मडके ठेवतात, किती उंच उडते ते बघायला. डब्याचा पत्रा फाटून येतो तेव्हा तो बॉम्ब लावणाऱ्याला नाही, बाजूला उभ्या असलेल्याला लागतो. दुसरा प्रकार म्हणजे वात विझली असे वाटून वाकून बघणे. वातीचा निखारा आत सरकलेला असतो. डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, दिवाळीच्या आठवड्यात त्यांच्याकडे काय येते. (डोळ्यात काही घुसले असेल तर चोळू नका, दाबू नका, कपड्याचा बोळा लावू नका. कागदी कप डोळ्यावर उपडा चिकटवा आणि तसेच दवाखाना गाठा.)

फुलबाजी मात्र राहू द्या असे मी म्हणतो, तेव्हा ती निरुपद्रवी आहे असे म्हणत नाही. तिची तार विझल्यावरही काही वेळ चटका देण्याइतकी गरम असते, आणि अनवाणी पोर तिच्यावरच पाय देते. नायलॉनचा घेरदार फ्रॉक पेटला तर वितळून कातडीला चिकटतो. पण तिथे मोठे माणूस शेजारी असते, पाण्याची बादली ठेवता येते, आणि इजा झालीच तर ती पेटवणाऱ्याच्या घरातच राहते. कायद्याने सगळीच जोखीम काढून घ्यायची म्हटले तर तव्यावरची पोळीही सुटणार नाही.

धुराबद्दल माझा अधिकार नाही, पण एक पाहणी सांगतो, कारण ती माझ्याही यादीला छेद देते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ मध्ये पुणे विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर निरनिराळे फटाके मुले जेवढ्या अंतरावरून उडवतात तेवढ्याच अंतरावर मोजले. सगळ्यात वाईट कोण निघाले? हजारची माळ नाही. नागगोळी. सूक्ष्म धूलिकणांचे प्रमाण घनमीटरला ६४,५०० मायक्रोग्रॅमपर्यंत चढले. माळेचे ३८,५४० आणि झाडाचे ४,८६०. दिवसभराच्या हवेसाठी आपली मर्यादा आहे ६०. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आपण ती तीन वर्षांच्या मुलापुढे लावतो आणि मूल तिच्यावर ओणवे होऊन बघते. तेव्हा नागगोळीही दुकानातून जावी. तिला वाचवायला कुणी मोर्चा काढणार नाही.

‘ग्रीन’, म्हणजे कमी प्रदूषणाच्या, फटाक्यांचा पर्याय नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने दिला. दावा असा की धूलिकण सुमारे ३० टक्क्यांनी कमी. चांगली गोष्ट आहे, पण ३० टक्के कमी म्हणजे ७० टक्के आहेच, आणि ग्रीन बाण गॅलरीत पडला तर जाळी तितकीच पेटते. शिवाय डब्यावरचा हिरवा शिक्का छापायला फार काही लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून घेणारे गिऱ्हाईक मी अजून पाहिलेले नाही.

मग पूर्ण बंदीच का नको? दिल्ली बघा. तिथे २०२० पासून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास फटाक्यांवर बंदी असायची. २०२४ च्या दिवाळीनंतर सर्वोच्च न्यायालयानेच विचारले की बंदी पाळली का गेली नाही, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मोजक्या दिवसांसाठी, ठरावीक वेळेत, ग्रीन फटाक्यांना परवानगी दिली. बंदीच्या वर्षांत फटाके वाजायचे थांबले नव्हते. ते शेजारच्या जिल्ह्यांतून यायचे. आणि माझी भीती नेमकी तिथे आहे. दुकान बंद झाले की माल हवेत विरत नाही. तो घराच्या पोटमाळ्यावर, किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत, टेम्पोत, जिन्याखाली जातो. ना वाळू, ना अंतर, ना कुणाला ठाऊक. अशा चोरट्या मालात काय भरले आहे तेही सांगता येत नाही. गंधक आणि क्लोरेट यांचे मिश्रण आपल्याकडे १९९२ पासून बंद आहे, कारण ते नुसत्या घासण्याने, आपटण्यानेही पेटते; पण लपूनछपून येणाऱ्या मालाची तपासणी कोण करणार? मैदानावर परवान्याने पन्नास दुकाने लागलेली मला परवडतात. वस्तीत पन्नास घरांत लपवलेला तोच माल परवडत नाही.

अर्थात मैदानावरची दुकाने तरी कशी लागतात? स्फोटक नियम, २००८ मध्ये तात्पुरत्या दुकानांसाठी सगळे लिहिलेले आहे. शेड न पेटणाऱ्या वस्तूचे. दोन शेडमध्ये किमान तीन मीटर. शेडची तोंडे समोरासमोर नकोत. वस्तीपासून ५० मीटर दूर. एका ठिकाणी पन्नासाहून जास्त दुकाने नकोत. उघडा दिवा, गॅसबत्ती नको. ५० मीटरच्या आत फटाका वाजवून दाखवायचा नाही. आम्ही ना हरकत दाखला द्यायला जायचो तेव्हा मैदान रिकामे, चुन्याच्या रेषा आखलेल्या, सगळे नियमात. दोन दिवसांनी फेरी मारली की चित्र निराळे. तीन मीटरच्या बोळात ताडपत्री ताणलेली आणि खाली जादा खोकी. पत्र्याच्या आत कापडी झालर, कारण शोभा हवी. होल्डरमधून लोंबणारा बल्ब, वायर उघडी. वाळूच्या बादल्या आहेत, पण त्यांत पान खाऊन थुंकलेले. आणि रात्री माल चोरीला जाऊ नये म्हणून त्याच खोक्यांवर झोपलेला पोरगा. समज देऊन, ताडपत्री उतरवून आम्ही निघायचो. चहा संपायच्या आत ती परत चढायची.

२९ ऑक्टोबर २०१६ ला औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावर असा बाजार भरदिवसा पेटला आणि शंभराहून जास्त स्टॉल बघता बघता राख झाले. नरक चतुर्दशीचा दिवस, खरेदीची गर्दी. एवढ्या मालाला आग लागल्यावर अग्निशमन दल खरे सांगायचे तर फारसे काही करू शकत नाही; बाजूचे वाचवायचे, गर्दी मागे हटवायची आणि माल संपायची वाट बघायची.

म्हणून माझा जोर विकण्याच्या जागेवर आहे. देशातले बहुतांश फटाके तमिळनाडूतल्या शिवकाशीच्या पट्ट्यात बनतात. कारखान्यांना परवाना देणारी ‘पेसो’ ही केंद्रीय यंत्रणा, तिचे मुख्यालय आपल्या नागपुरात. घाऊक गोडाऊन मोजकी, तात्पुरते परवाने जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या सहीचे. लाखो हातांमागे धावण्यापेक्षा हे मोजके दरवाजे सांभाळणे सोपे आहे. किरकोळ परवान्यातच लिहा की बाण, शॉट, बॉम्ब, माळ या दुकानात विकता येणार नाही. विकताना सापडला तर दुकान त्याच दिवशी बंद आणि पुढच्या वर्षी परवाना नाही. दुकानदाराला वर्षभराचा धंदा त्या दहा दिवसांत करायचा असतो, त्याला हे बरोबर कळते. आवाजाची चाचणीही वर्षातून एकदा मैदानावर करून वर्तमानपत्रात बातमी देण्यापुरती न ठेवता गोडाऊनमधून नमुने उचलून व्हावी.

हे काही मी शोधून काढलेले नाही. युरोपात फटाक्यांचे एफ-१ ते एफ-४ असे वर्गच आहेत, आणि एफ-४ सामान्य माणसाला मिळत नाही. ब्रिटनमध्ये नुसता धमाका करणारे बॉम्ब १९९७ पासून दुकानात नाहीत, आणि मोठ्या वर्गाच्या फटाक्यापासून प्रेक्षक २५ मीटर दूर हवा असा दंडक आहे. आपल्या कुठल्या गल्लीत २५ मीटर आहेत? नेदरलँड्समध्ये तर नववर्षाच्या रात्री घरोघरी फटाके उडवायची जुनी चाल. तिथल्या संसदेने २०२५ मध्ये सामान्य लोकांसाठी बहुतेक फटाक्यांची विक्री बंद करण्याचा कायदा केला.

‘पण आमची परंपरा?’ याचे उत्तर परंपरेतच आहे. बखरीत कथा आहे: महादजी शिंद्यांनी राजस्थानातल्या कोटा संस्थानच्या दिवाळीतल्या ‘दारूच्या लंके’चे, म्हणजे शोभेच्या दारूने उभारून पेटवलेल्या लंकेचे, वर्णन सवाई माधवरावांना ऐकवले, आणि मग पर्वतीच्या पायथ्याशी तशी आतषबाजी करवली गेली. शहराने ती लांबून पाहिली. करणारे दारूकामातले कसबी होते. आजही आपल्या कितीतरी जत्रांमध्ये शोभेची दारू उडवणारी ठरलेली घराणी असतात. घरोघरी बॉम्ब आणि बाण हा शिवकाशीचा माल स्वस्त झाल्यानंतरचा प्रकार आहे, आणि तो फार तर आपल्या आजोबांइतका जुना.

सार्वजनिक आतषबाजी म्हटली की ती आपोआप सुरक्षित, असेही नाही. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे केरळमधल्या कोल्लमजवळच्या पुट्टिंगल मंदिरात आतषबाजीच्या साठ्यावर ठिणगी पडली आणि शंभराहून अधिक माणसे गेली. तिथे प्रशासनाने परवानगी नाकारलेली होती, आणि साठा गर्दीला लागून होता. तेव्हा मैदानावर करायचे तर साठा लांब, गर्दी दोरीमागे, बंब जागेवर, आणि वाऱ्याचा वेग बघून ‘आज नाही’ म्हणायचा अधिकार स्थानिक नेत्याकडे नव्हे, अग्निशमन अधिकाऱ्याकडे. हा शेवटचा मुद्दा कागदावर सोपा वाटतो. स्टेजवर माणसे जमल्यावर ‘आज नाही’ म्हणून दाखवा.

दिवाळीवरच बोट का, हा आक्षेपही रास्त आहे, आणि म्हणूनच मालावरचे बंधन वेळेच्या बंधनापेक्षा बरे. ते दिवाळीला लागते तसेच वरातीला, ३१ डिसेंबरला, क्रिकेटच्या विजयाला, भाईच्या वाढदिवसाला रात्री बारा वाजता लागते. उलट लग्नाचा हॉल मला दिवाळीपेक्षा जास्त घाबरवतो. छताला कापड, थर्माकोल, खोटी फुले, आणि नवरा-नवरीच्या वाटेवर ठिणग्यांची कारंजी, ‘थंड आहेत’ असे सांगून लावलेली. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या नाइट क्लबमध्ये आग लागून २५ जण गेले, त्यांतले बहुतेक तिथले कर्मचारी. आत लावलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांनी आग लागल्याचे तेव्हा सरकारकडून सांगितले गेले. बंद जागेत कुठल्याही प्रकारची ठिणगी नको, इथे मी कसलीही सूट देणार नाही.

शिवकाशीच्या कामगारांचे काय, हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. पण तिथले काम बॉम्बवरच चालते असे नाही. फुलबाज्या, चक्रे, झाडेही तिथेच बनतात. पाच-सात वर्षे आधी सांगून माल बदलायला लावला तर कारखाना बदलतो. दिवाळीच्या आठवडाभर आधी कोर्टाचा आदेश आला तर गोडाऊन भरलेले असते, आणि मग तो माल कुठे जातो ते वर सांगितलेच.

आता तुमच्या सोसायटीचे. सरकार मालावर बंधन आणेल तेव्हा आणेल. तोवर संपूर्ण बंदीचा ठराव करू नका, तो पहिल्याच रात्री मोडेल आणि मग सेक्रेटरीचा शब्द कुणी ऐकणार नाही. सर्वसाधारण सभेत एवढेच ठरवा की सोसायटीच्या सामायिक जागेत, म्हणजे गच्ची, पार्किंग, आतले रस्ते, इथे बाण, शॉट, बॉम्ब आणि मोठ्या माळा नाहीत. बाकीच्यांसाठी एक मोकळी जागा नेमा, तिथे पाण्याचे दोन पिंप आणि विझलेल्या तारा टाकायला एक बादली ठेवा. गच्चीवर काहीच नको. वरून पडलेली ठिणगी कुठे जाते हे वरच्याला दिसत नाही.

धनत्रयोदशीच्या आत एक फेरी मारा. गॅलऱ्यांतल्या हिरव्या जाळ्या त्या चार दिवसांपुरत्या उतरवायला सांगा, कपडे आत, रद्दी आत. गावी जाणाऱ्यांनी खिडक्या बंद कराव्यात आणि किल्ली शेजारी ठेवावी. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे इमारतीची यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. ते फायलीत असेलच, पण तेवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक इमारतीचा होज-रील एकदा उघडून खरोखर पाणी येते का बघा. आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गेटपासून शेवटच्या इमारतीपर्यंतच्या रस्त्यावर एकही पाहुण्याची गाडी लावू देऊ नका, मग ती चेअरमनच्या जावयाची का असेना. वर्दी द्यायची ती १०१ किंवा ११२ वर, आणि फोनवर नुसते ‘आग लागली, लवकर या’ म्हणू नका. इमारतीचे नाव, मजला, आणि बंबाने कुठल्या गेटने यायचे ते सांगा.